पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो. माझं तोंड जन्मापासूनच काळं, पण एका सकाळी ते चारचौघांत काळं झालं. ती लाज अजून गेलेली नाही.

कारखान्यातल्या साच्यातून खाचा लेवून बाहेर पडलो, तेव्हा आपण फार देखणे असं मला वाटलं. पुढे ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांच्या गाडीला मला बसवलं. ते प्रत्येक शिकाऊला सांगत, "ब्रेक चाकाला थांबवतो. गाडी थांबते ती टायर रस्ता धरतो म्हणून. आणि वेग दुप्पट केलास, तर थांबायला जागा चौपट लागेल." रस्त्याला टेकतो तो माझा तळहाताएवढा तुकडा. त्याच्या घर्षणावर सगळ्यांचा जीव, हे ऐकून मी फुगून जायचो.

एकदा मास्तरांच्या लेकीची, ताईची, लायसन्सची परीक्षा आली. पास झाली की शाळेची गाडी चालवायचं काम तिला मिळणार होतं. गाडी रांगेत लावून बापलेक कागद दाखवायला कचेरीच्या खिडकीपाशी गेले. मागे राहिल्या काकू, ताईची आई. माझ्यावरचा चिखल पाहून त्यांना राहवेना.

"परीक्षेला काय असल्या अवतारात जायचं?" असं पुटपुटत त्यांनी गाडी आतून चमकवायला आणलेलं तेल चारही टायरांना चोपडलं. कडांना आणि खाचांतही. शेजारचा गाडीवाला वळून बघू लागला, आणि मी हुरळून गेलो.

परीक्षेत पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे थांबायचं होतं. ताईनं नेहमीएवढ्याच अंतरावर, नेहमीसारखाच ब्रेक दाबला. चाक थांबलं, पण मला रस्ता धरता येईना. घसरत पांढरी पट्टी ओलांडली, तेव्हा कुठे गाडी थांबली.

"नापास," परीक्षक म्हणाले.

मास्तरांनी माझ्यावरून बोट फिरवलं, हुंगलं आणि काकूंकडे पाहिलं.

"मीच चोपडलं गं," काकू ताईला म्हणाल्या. "तुझं काम घालवलं मी."

ताई अजून पट्टीकडेच बघत होती. "काम मिळेल गं दुसरं. पण आई, तिथे कुणी उभं असतं तर?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नटायला मी पुढे होतो, कामाच्या वेळी कच खाल्ली.

आता माझ्या खाचा झिजल्यात. मास्तरांच्या जागी ताई शिकवते, आणि सरावाच्या मैदानात, पट्टीच्या पलीकडे, तिनं मला अर्धा पुरून ठेवलाय. मित्रांनो, टायर चमकवू नका. त्याच्या खाचा बघा, हवा बघा, ओल्या रस्त्यावर वेग आवरा. कुणी ब्रेक उशिरा दाबला, की गाडी येऊन मला धडकते. लागतं बरंच. पण तिथे उभा असतो तो मी असतो, दुसरं कुणी नसतं.