नुसतं पाणी

सुज्ञ वाचकहो, एका पुत्राने आपल्या वृद्ध पित्याच्या ओंजळीत असत्य कसे ओतले आणि पुढे त्याचे काय झाले, ती हकीकत मी आपणांसमोर यथाशक्ती मांडीत आहे.

"लिंग गेलं रं माझं!"

न्हाणीतून अमरेशआप्पांचा आर्त स्वर आला, तसा त्यांचा मुलगा शिवलिंग शिलाईची मशीन सोडून धावला. आप्पांच्या गळ्यातील जीर्ण दोरा तुटून चांदीची डबी उघडली होती. मोरीत कोपरापर्यंत हात घालूनही त्यास रिकामी डबीच सापडली. आतील इष्टलिंग वाहून गेले होते.

निलंग्यातील त्या लिंगायत घरात, लिंगपूजा झाल्यावाचून आप्पांनी उभ्या आयुष्यात अन्नास स्पर्श केला नव्हता. नवे लिंग घराण्याचे गुरू असलेल्या स्वामींच्याच हस्ते घ्यावयाचे, आणि स्वामी उदगीरला. ते उद्या येणार. आप्पांची दृष्टी गेलेली, त्यात मधुमेह, सकाळची गोळीही पोटात गेलेली.

"आप्पा, दोन घास खावा की," सून सुमनबाई विनवू लागली.

"पूजेबिगर? म्हातारपणी बाटवतीस का मला?" आप्पा म्हणाले. "शिवलिंगा, तू तुझी पूजा कर. तुझ्या लिंगाचं तीर्थ दे. त्याच्यावर खातो मी."

शिवलिंगाचा हात गळ्यातील डबीकडे गेला. एका वर्षापूर्वी लातूरच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत त्याने बाप्तिस्मा घेतला होता. त्याची दारू सुटली. मंडळीत त्यास सत्यम हे नवे नाव मिळाले. आपले लिंग त्याने मांजरा नदीच्या पात्रात सोडले, परंतु रिकामी डबी गळ्यातच ठेवली, कारण आप्पा रोज सायंकाळी ती चाचपून पाहत. प्रार्थनेस जाताना तो ती खिशात दडवी, घरी येताना पुन्हा गळ्यात घाली. दोन्ही दारी तो चोर होता.

"द्या की वो पाणी," हे सारे ठाऊक असलेली सुमनबाई कानाशी कुजबुजली. "त्यायला कुठं दिसतंय? जिवापरीस मोठं हाय का?"

अखेर तो आप्पांसमोर बसला. तोंडाने पंचाक्षरी मंत्र म्हणाला, रिकाम्या तळहातावरून पाणी सोडले आणि ते आप्पांच्या ओंजळीत घातले. आप्पांनी ते भक्तिभावे प्राशन केले, ओला हात डोळ्यांस लावला आणि वरणात भाकरी कुस्करली.

"तू हायीस म्हणून माझा नेम राहिला बघ, लेकरा."

शिवलिंग मशीनवर बसला खरा, परंतु गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची बाही त्याने उलटी जोडली. ती उसवून पुन्हा जोडली, ती पुन्हा उलटीच! तेव्हा तो उठला आणि आप्पांच्या पायाशी जाऊन बसला.

"आप्पा, ते नुसतं पाणी होतं."

"आन् लिंग?"

"मांजरेत सोडलं. वरीस झालं. मी येशूचा झालोय."

आप्पांनी त्याच्या गळ्यातील डबी चाचपली.

"दारू सुटली ती त्याच्यामुळंच का?"

"हाव."

"मग मला सांगत होतास, दवाखान्याच्या गोळीनं सुटली म्हणून."

आप्पांनी पुढे विचारले,

"त्याला काय लागतंय रं पूजेला? बेल? भस्म?"

"काय बी न्हाई आप्पा. माणसानं खरं वागावं, एवढंच."

"मग लई उपाशी ठेवलंस की त्याला," आप्पा म्हणाले.

या एका वाक्याने शिवलिंगाचे काळीज चिरले. मंडळीतील कोणीही त्यास इतके खरे बोलले नव्हते. आप्पांनी तांब्या मागितला, पुन्हा पुन्हा चूळ भरली आणि त्यानंतर अन्नास हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी स्वामी आले. आत नव्या लिंगाचा दीक्षाविधी सुरू झाला. शिवलिंग अंगणातच उभा राहिला. गळा मोकळा होता. डबी त्याने सकाळीच सुमनबाईच्या स्वाधीन केली होती.

"लेकरू भाईर का थांबलंय?" स्वामींनी विचारले. "बोलवा की आत."

"राहू द्या, स्वामी," आप्पांचा स्वर आला. "आत आलं की त्याला परत लबाडी करावी लागंल."

स्वामींच्या वहाणा उन्हात तापत होत्या. शिवलिंगाने त्या उचलून सावलीत सरकवल्या आणि स्वतः उन्हात जाऊन उभा राहिला.

माझे अल्प शिक्षण ध्यानी घेऊन, शेवटपर्यंत वाचण्याची कृपा केलीत, याबद्दल वाचकांचा ऋणी आहे.

दयानंद सोनटक्के, निलंगा