पाथर्डीत बर्फाचे बूट

आमच्या सासरी एखादी वस्तू बसत नसली की ती हाणून बसवायची रीत आहे. दाराची खिट्टी असो नाहीतर कुदळीचा दांडा, आधी हाणायचं आणि मग बघायचं. त्यामुळं डिसेंबरात हे रजेवर आले आणि ट्रंकेतून ते बूट काढून ओट्यावर ठेवले, तेव्हा पुढं काय होणार याचा मला अंदाज आलाच होता.

हे म्हणजे माझे यजमान, गहिनीनाथ. फौजेत शिपाई. आदल्या हिवाळ्यात, लढाई थांबल्यावर, त्यांच्या पलटणीतल्या काही जणांना काश्मिरात बर्फावर घसरायला शिकायला पाठवलं होतं. पायाला दोन लांब लाकडी पट्ट्या बांधायच्या आणि डोंगरावरून खाली यायचं. सासूबाईंनी हे ऐकलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "पाय मोडून घ्यायला सरकार पगार देतं व्हय?"

तर हे त्या पट्ट्यांचे बूट. काळे, जाड कातड्याचे, घोट्याच्या वर येणारे, आत आणखी एक मऊ बूट शिवलेला आणि नाक चौकोनी. स्टोअरमधून बाद झालेली एक जोडी यांनी मागून आणली होती, कारण यांना सराव करायचा होता. घसरायचा नव्हे. घसरण्यात हे पहिले होते. यांचं अडत होतं बूट घालण्यात. उजव्या पायाची कमान उंच, त्यामुळं पाय बुटाच्या गळ्यातच अडकायचा. सकाळी शिट्टी व्हायची, बाकीचे रांगेत उभे राहायचे, आणि हे बराकीच्या पायरीवर बसून बुटाशी झोंबत असायचे.

शिकवणाऱ्या उस्तादांनी शेवटी यांना स्पष्ट सांगितलं होतं. पुढच्या हिवाळ्यात शिट्टीला रांगेत दिसलास तर तुला शिकवणाऱ्यांत ठेवून घेतो, इथंच राहशील. रोज उशीर झाला तर आपल्या पलटणीत परत जा. आता शिकवणाऱ्यांत राहिलं की क्वार्टर मिळत होतं. क्वार्टर मिळालं की बायकोला नेता येत होतं. आणि ती बायको मी.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यात आमचा संसार म्हणजे रजेचे दिवस, आणि त्यातले निम्मे पाहुणेरावळ्यांत जायचे. बाकी वर्षभर मी, सासू-सासरे आणि आता दुष्काळी काम. आमच्या भागात त्या साली विहिरींनी तळ दाखवला होता आणि सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होतं. मला नवऱ्याजवळ राहायचं होतं. हे कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती, म्हणून मी त्या बुटांकडं टक लावून बघत होते.

पहिल्या दिवशी रीतीप्रमाणं हाणाहाणी झाली. सासऱ्यांनी बूट दोन गुडघ्यांत आवळून धरला. शेजारच्या बन्सीभाऊंनी, म्हणजे तलावावरच्या मुकादमांनी, यांना मागून काखेत धरून खाली रेटलं.

"दाब गहिनी, दाब," सासरे म्हणाले.

"दाबतोय की दादा," हे म्हणाले आणि तिघंही ओट्यावरून अंगणात आले. बूट तेवढा ओट्यावरच राहिला.

मग सासऱ्यांना मोट आठवली. विहिरीवर इंजिन आल्यापासून आमची मोट माळ्यावर पडून होती, पण कातड्याला तेल पाजायची त्यांची हौस काही गेली नव्हती. नव्या वहाणासुद्धा ते तेलात मुरवल्याशिवाय पायात घालत नसत. त्यांनी करंजाचं तेल आणलं, दोन्ही बूट आतबाहेर चोपडले आणि उन्हात पत्र्यावर ठेवले. "कातडं हाय ते," म्हणाले, "त्येला काय काश्मीर आन् काय पाथर्डी."

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाय आत गेला. हे थोडं कण्हले, पण पाय गेला. यांनी बूट घालून वेशीपर्यंत चक्कर मारली, बघायला अर्धी आळी बाहेर आली. सासूबाईंनी सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. मी त्या संध्याकाळी पोटभर जेवले आणि क्वार्टरच्या खिडकीला कसला पडदा लावायचा इथपर्यंत मनानं जाऊन पोचले.

सकाळी वेणी घालायला बसले तर बाटलीतलं खोबरेल थिजलेलं. डिसेंबरात ते थिजतंच, मी बाटली चुलीजवळ धरली. धरली आणि मला तेल पाजलेले बूट आठवले. हे शेजारीच भाकरी खात होते.

"अवो," मी म्हटलं, "तिकडं करंजाचं तेल पातळ ऱ्हातं का?"

यांचा घास हातातच राहिला. "तिकडं नाकातलं पानी थिजतं," हे म्हणाले. मग ताट पुढं सरकवलं आणि एकदम चिडले. माझ्यावर, तेलावर, घरातल्या सगळ्यांवर. मी बोलू दिलं. चिडलेल्या माणसाला अडवलं की तो दुप्पट वेळ चिडतो, हे मला स्वतःवरून माहीत आहे.

थंडीतला बूट घालायचा सराव करायचा तर थंडी पाहिजे, आणि आमच्याकडं ती कुणाच्या बापाची ठेवलेली नव्हती. पण माझा धाकटा भाऊ आबासाहेब नगरजवळ नागापूरला बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. दुसऱ्या दिवशी बूट पोत्यात घालून आम्ही एसटी पकडली. सासूबाईही निघाल्या. त्यांना बर्फ बघायचा होता. करंजाच्या वासानं कंडक्टरनं नाकाला रुमाल लावला आणि आम्हाला पार मागच्या बाकावर बसवलं.

आबानं सगळं ऐकून घेतलं आणि हसू दाबून बूट दोन लाद्यांच्या मधे ठेवले. वर गोणपाट टाकलं, भुसा लोटला. कारखान्याच्या मागं कामगारांना चहा देणाऱ्याची शेगडी होती, तिथं आम्ही बसलो. सासूबाई उठून उठून लादीला बोट लावून येत होत्या.

बूट बाहेर काढले तेव्हा बोटानं वाजवले तर फळीसारखे वाजले. शिवणींत करंजाचं तेल पांढरं होऊन बसलं होतं. यांनी उजवा बूट समोर घेतला आणि पाय घातला. दाबला. दात आवळले, मानेच्या शिरा फुगल्या, पाय तिथल्या तिथं.

"आस्संच," हे म्हणाले. "तिकडं अगदी आस्संच हुतं." आणि बूट बाजूला ठेवून भिंतीकडं तोंड करून बसले. एवढा डोंगर उतरणारा माणूस, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. मलाही रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. एका बुटापायी माझा संसार अडावा?

"पुन्हा घाला," मी म्हटलं.

"न्हाई जात म्हनलं ना."

"जाऊ नगा दिऊ. नुसता घाला, मला बघायचंय."

यांनी घातला आणि मी या वेळी बुटाकडं न बघता पायाकडं बघितलं. जोर लावला की यांची बोटं वर वळत होती, कमान आणखी उंच होत होती, सगळा पाय मूठ आवळल्यासारखा गोळा होत होता. बूट अरुंद होताच, त्यात हे पाय फुगवून आत घालत होते.

मला रंगुबाई कासारीण आठवली. लग्नाच्या वेळी मी हात आखडून बसले होते, तेव्हा ती म्हणाली होती, "हात माझा हाय असं समज, तुजा न्हाई." कासारीण बांगडी कधी दाबत नाही. ती हात मऊ करते, अंगठा आत घेते, बांगडी तिरकी धरते आणि मधेच काहीतरी माहेरचं विचारते. आपण उत्तर देतो तोवर बांगडी मनगटात गेलेली असते.

मी माझी एक बांगडी काढली. मूठ आवळून घालून दाखवली, ती अडली. मग हात सैल सोडला, ती गेली. "असा पाय सोडा," मी म्हटलं.

आबा शेगडीपासून म्हणाला, "दाजी, फौजंत बांगड्या भराया शिकवत्यात, हे गावात सांगू नगा."

हे कानापर्यंत लाल झाले आणि उठून चालायलाच लागले. पण सासूबाईंनी हाक मारली. "गहिनी, बस खाली. अंगनात पडलास तवा न्हाई लाज वाटली?"

हे परत आले. मी बुटाची नाडी सोडायला घेतली. हे फक्त वरची दोन-तीन भोकं सोडायचे, पुन्हा बांधायला वेळ लागतो म्हणून. मी पार बोटांपर्यंत सोडली.

"आगं, बांधाया येळ लागंल," हे म्हणाले.

"आन् झोंबाया जो लागतो तो कशात धरता?" मी म्हटलं. बुटाची जीभ ओढून पुढं पाडली, मोजा वर ताणून त्याची चुणी मोडली, आणि यांना उभं केलं. बसून पाय ढोपरात वाकतो, उभ्यानं सरळ जातो. पाय तिरका धरला, बोटं खाली सोडायला सांगितली. अर्धा गेला. कमान गळ्यातून पार झाली आणि टाच अडली. कातडंच हटत नव्हतं.

आता सासूबाई उठल्या. चहावाल्याकडून मूठमूठ मीठ मागून घेतलं, तव्यावर गरम केलं, धडप्याच्या दोन पुरचुंड्या बांधल्या आणि दोन्ही बुटांत कोंबल्या. कंबर धरली की आमच्याकडं हाच शेक असतो. "मानसाची कंबर सुटती," त्या म्हणाल्या, "ह्ये तर मेलेलं कातडं." आम्ही चहा पिईपर्यंत पुरचुंड्या आत राहिल्या.

मग हे पुन्हा उभे राहिले. बुटाचं तोंड आता हातानं फाकत होतं. पाय आत गेला, कमान पार झाली, टाच पुन्हा टेकायला आली आणि मी बघितलं, यांची बोटं वळायला लागली होती.

"अवो, क्वार्टरला खिडक्या किती असत्यात?" मी विचारलं.

"आं? खिडक्या..." यांनी वर बघितलं. "एक म्होरं. एक चुलीपाशी, आन् मागं..."

टाच बसली. बुटातून हवा सुटल्याचा आवाज झाला आणि टाच तळाला टेकली. यांनी खाली बघितलं. मग टाच फरशीवर एकदा आपटली, बूट हलला नाही. सासूबाईंनी कुठल्या तरी नाथाला हात जोडले. मी वाकून बुटाची नाडी आवळायला घेतली. इतकं हलकं मला लग्न ठरलं तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं.

त्या दिवशी बूट पुन्हा पुन्हा बर्फात गेले आणि पुन्हा पुन्हा पायात आले. मीठ यांनी स्वतः गरम केलं, तिकडं बराकीतही शेगडी होतीच. शेवटी शेवटी हे एकटेच घालत होते, तोंडानं काहीबाही पुटपुटत. काय पुटपुटतात ते मी विचारलं नाही. परतीच्या एसटीत हे माझ्या शेजारी बसून झोपून गेले आणि मी पाथर्डीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

रजा संपली, हे गेले. त्यानंतरचे महिने सांगण्यासारखे नाहीत. माती उचलायची, टाकायची, परत जायचं. पाय आत गेला असेल का, एवढा एकच विचार. आणि त्याच्या मागून दुसरा, तो मी कुणाला सांगितला नव्हता. गेला तरी सासूबाई मला सोडतील का? दुष्काळात घरातलं कमावतं माणूस कोण पाठवतं? त्या दिवशी नागापूरला त्यांनी मीठ गरम केलं ते लेकासाठी, हे मला कळत होतं. सुनेला नेण्याबद्दल त्या घरात चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

शिमगा होऊन गेल्यावर एका दुपारी आम्ही दोघी बांधावर घमेली घेऊन चढत होतो. खालून कुणीतरी येत होतं, खांद्यावर ट्रंक. चालण्यावरून मी ओळखलं आणि तिथंच थांबले. सासूबाईही थांबल्या.

हे वर आले. आईच्या पाया पडले. एवढ्या माणसांत माझ्याशी बोलणं बरं दिसत नव्हतं, म्हणून आईलाच सांगितलं. "आये, रोज शिट्टीच्या आधी रांगंत उभा हुतो. एक दीस बी चुकला न्हाई. ठिवून घेतलं मला."

"क्वार्टर?" सासूबाईंनी विचारलं.

"मिळालं." पुढचं वाक्य काय आहे ते आम्हा तिघांनाही माहीत होतं, पण ते यांनी बोलायचं धाडस केलं नाही. मीही नाही. मी घमेलं डोक्यावर तसंच धरून उभी राहिले.

सासूबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी माझ्या डोक्यावरचं घमेलं उतरवून घेतलं, स्वतःचं तिथंच रिकामं केलं आणि खाली बघून हाक मारली.

"बन्सी, उद्यापास्नं हिचं नाव हजेरीत धरू नगं. ही नवऱ्याकं निघाली."