हललेला चेहरा

मित्रांनो, पानं जरा जपून उलटा. मी फोटोंचा जुना आल्बम, आणि खरं सांगायचं तर पार थकलो आहे. पाठीची शिवण उसवली आहे, कडा वाळवीने कुरतडल्या आहेत.

मला या घरात आणलं आत्याने; घरातले सगळे तिला आत्याच म्हणायचे. ती टेलिफोनच्या कचेरीत होती. सुट्टीच्या दिवशी टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती माझ्या काळ्या पानांवर एकेक फोटो बसवायची. कुणीतरी म्हणालं, "खाली नावं लिही गं." ती हसली. "आपलीच माणसं, विसरतंय कोण?"

तेव्हा माझे फार लाड व्हायचे. पाहुणे आले की आधी मी बाहेर यायचो, मग पाण्याचे पेले. पुढे मोबाइल आले आणि माझी रवानगी कपाटावर, बिघडलेल्या इस्त्रीशेजारी झाली. माझ्यातली माणसं एकेक करून गेली. त्यांना ओळखणारीही गेली.

उरली आत्या. तिलाही हल्ली सकाळचं दुपारी आठवेना. तेव्हा तिच्या भाच्याच्या मुलीने मला खाली काढलं, पुसलं आणि पांढरी पेन्सिल घेऊन ती आत्याजवळ बसली.

"आत्याआजी, हे कोण?"

"हा टोपीकाका. टक्कल दिसू नये म्हणून झोपेतही टोपी घालायचा."

मग पायऱ्यांवरचा फोटो आला. सगळे नीट उभे, पण कडेच्या बाईचा चेहरा नुसता पुसट. भाचा शेजारीच बसला होता. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. तो म्हणाला, "हा बिघडलाय. काढून टाक."

आत्याने पानावर हात ठेवला. "हात लावू नकोस. ती तुझी आई आहे."

तो चालायला लागायच्या आधीच त्याची आई गेली होती. तिचा एकही फोटो त्याने पाहिला नव्हता.

"दुसरं लग्न झाल्यावर तुझ्या वडिलांनी तिचे सगळे फोटो काढून टाकले," आत्या म्हणाली. "घरात तिचा विषय काढायची सोय नव्हती. हा तेवढा वाचला, कारण यात ती कुणाला ओळखूच आली नाही."

"पण चेहरा असा का?"

"फोटोवाला ओरडत होता, हलू नका, हलू नका. तेवढ्यात तू आत रडलास. ती वळली."

त्याने मला डोळ्यांजवळ धरलं. मग विचारलं, "कशी होती गं?"

"दमलेली असायची. तू झोपू कुठे द्यायचास तिला!"

तो हसला आणि मला पुन्हा मुलीच्या मांडीवर ठेवलं. मुलीने नाव विचारून फोटोखाली लिहिलं. पुढे लिहिलं, 'बाबांची आई'.

"बाकीचे उद्या," आत्या म्हणाली. तीही थकली होती.

दुसऱ्या दिवशी मुलीने पुढचं पान उघडलं, तर आत्या तिलाच विचारू लागली, "ही माणसं कोणाकडची गं?"

मित्रांनो, त्या पानांवर अजून पुष्कळजण आहेत. भांग पाडून, ठेवणीतले कपडे घालून समोर बघताहेत. त्यांना आता नावाने हाक मारणारं कुणी नाही. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ आजच जाऊन बसा. कुकरची शिट्टी होईपर्यंत एक पान तरी लिहून होईल.