तहकूब सभेला कोरम लागत न्हाय

बसा की जरा. मला बी उठायचंच हाय, पण एवढं ऐका. तुमाला वाटतंय आमी तिघं वर्षभर शाळा चुकवत होतो. चुकवत न्हवतो गड्यांनो, शाळा घरीच होती. आमच्या चुलत्याच्या, हिंमततात्यांच्या वसरीत.

झालं असं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आन् हेडमास्तरनं पयला हार घातला ग्रामसेवकाला. आमचे तात्या म्हंजे दूध सोसायटीचे चेअरमन, त्यांना दुसरा. त्यात त्या साली पाऊस न्हाय, फुलं सोलापूरहून आणलेली, ग्रामसेवकाला गुलाब आन् तात्यांना झेंडू. तात्यांनी हार काढला, टेबलावर ठिवला आन् म्हणले, "ज्या शाळंला माणसाचा दर्जा कळंना, ती पोरांना काय शिकवणार?" दुसऱ्या दिवशी दाखले हातात. त्यांची पोरगी कलाक्का, पोरगा उत्तरेश्वर, आन् पुतण्या म्हणून फुकटात म्या.

"आता घरीच शिकायचं," तात्या म्हणले. "दहावीला बाहेरून बसवतो. आन् नुसती दहावी न्हाय, दहावीच्या म्होरं जगायचं कसं, ते बी शिकवतो."

आता तात्यांनी जिंदगीभर एकच गोष्ट चालवलेली, सोसायटी. मग शाळा बी तशीच निघाली. पयल्या दिवशी ठराव झाला. आमी तिघं, तात्या, सोसायटीचे सेक्रेटरी माणिकप्पा, असे पाच सभासद. पाच आकडा बरा दिसंना म्हणून चुलीपुढच्या धुरपदाकाकीला बी धरलं. कोरम चारचा, म्हंजे चार माणसं जमल्याबिगर सभा न्हाय. शाळा संपल्यावर कुणी काय करायचं ते सभाच ठरवणार, आन् सभेचा ठराव सभेशिवाय कुणाच्या बापाला मोडता येणार न्हाय. हे शेवटचं वाक्य तात्यांनी स्वतः घातलं. उत्र्याला चेअरमन करायचा त्यांचा बेत होता, त्यो पक्का राहावा म्हणून.

मग काय, सकाळी प्रार्थना न्हाय. तात्या हाताच्या खुर्चीवर, आमी घोंगड्यावर, आन् मागल्या सभेचा वृत्तांत वाचून कायम करणे. भूगोल म्हंजे कुठल्या गावात मतं किती. इतिहास म्हंजे कोण कुणाच्या पॅनलमधून कवा फुटला. मराठीला मंत्र्याला द्यायचं निवेदन आन् सत्काराला उत्तर. उत्र्याला सत्काराचं उत्तर तोंडपाठ झालं, सत्कार कशाबद्दल एवढंच ठरायचं राहिलं होतं.

गणित माणिकप्पांकडं. तुमाला ठाऊक हाय, त्या साली गावातल्या निम्म्या म्हशी आटल्या, पण सोसायटीचं दूध आटलं न्हाय. उलट टँकर येईल त्या दिवशी वाढायचं. हे गणित माणिकप्पांनी आमाला सोडवून दाखवलं. पुस्तकात न्हवतं ते.

शास्त्राचा तास तर ऐका. पाणी किती डिग्रीला उकळतं? कलाक्का म्हणली शंभर. उत्र्या म्हणला नव्वद. तात्यांनी हात वर करायला लावले. उत्र्याकडं सायकल होती, म्हणून म्या उत्र्याकडं. माणिकप्पा तात्यांकडं बघून उत्र्याकडं. नव्वद मंजूर.

"अवं तात्या, पुस्तकात शंभर लिवलंय," कलाक्का म्हणली.

"पोरी, पुस्तक एकटं हाय. हितं बहुमत हाय."

कलाक्कानं वहीत शंभरच लिवलं. तिला नर्स व्हायचं होतं. मागं गावात जुलाबाची साथ आली तवा एक नर्सबाई एकटी सायकलीवरून वाड्या-वस्त्या फिरायची, तवापासून तिच्या डोक्यात तेच. दहावी पास झाली की उस्मानाबादला ट्रेनिंगला जायचं. मैतरणीची पुस्तकं आणायची, टँकरच्या रांगेत पालथ्या घागरीवर बसून वाचायची. घागरीचा नंबर आला तरी हिचं पान संपायचं न्हाय, बाया शिव्या द्यायच्या.

तात्यांचं मत निराळं. "पोरीला म्होरं कशाला? बार्शीकडचे पाहुणे हायेत, कारखान्याचे डायरेक्टर. त्यांच्या घरात दिली की जिल्हा बँकेला आपली आठ-धा मतं वाढली."

मग एका सकाळी तात्या लई खुशीत होते. "आज चेअरमन कसं व्हायचं ते शिका," म्हणले. "अणदूरला खंडोबाची यात्रा, सगळं गाव तिकडं. त्याच दिवशी म्या वार्षिक सभा लावली. कोरम न्हाय. मग काय करायचं? अर्धा तास तहकूब करायची. अर्ध्या तासानं तीच सभा, तीच जागा, आन् आता कोरम लागत न्हाय. तिघं होतो, तिघांनी मला चेअरमन केला."

"आन् नोटीस?" कलाक्कानं विचारलं.

"लावली की. दाराच्या मागं. नोटीस लावायची असती पोरी, वाचवायची नसती."

तवा चुलीपुढं काकीचं फुंकणं थांबलं, एवढं मला ध्यानात हाय.

परीक्षा झाली. उत्र्यानं काय करावं? सवयीनं परतेक उत्तराखाली सूचक-अनुमोदक टाकले. सूचक उत्तरेश्वर, अनुमोदक सिदू, म्हंजे म्या. मास्तरनं बघितलं, एकाच्या पेपरात दुसऱ्याचं नाव, म्हंजे कॉपी. मला उभा केला. म्या म्हणलं, "सर, म्या नुसता अनुमोदक हाय." दोघं बी गेलो. पाणी नव्वदला उकळलं ते निराळंच. पास झाली ती एकटी कलाक्का, आन् चांगल्या मार्कानं. तात्यांनी पेढे वाटले, शाळंचा निकाल चांगला लागला म्हणून. आन् लगेच धा दिवसांनंतरचा सुपारीचा दिवस धरला. त्या दिवशी पाहुण्यांना आणायला निघाले, उत्र्याला आन् माणिकप्पांना घेऊन.

तात्यांची एस्टी वळणावर गेली असंल-नसंल, कलाक्कानं मला हाक मारली. "सिदू, ये. सभा हाय."

वसरीत बघतो तर काकी तात्यांच्या खुर्चीवर. डोक्यावरचा पदर सावरलेला, पाय भुईला टेकंनात. आयुष्यात पयल्यांदा बसली असंल.

"किती सभासद हजर?" काकीनं विचारलं.

"तिघं," कलाक्का म्हणली.

"मग कोरम न्हाय. सभा अर्धा तास तहकूब." काकी उतरली, आत गेली, अर्ध्या तासात भाकरी थापून परत येऊन बसली. हाताला पीठ तसंच.

"मला तात्या मारतील," म्या म्हणलं.

"एकट्याला न्हाय मारणार," काकी म्हणली. "मंजूर का?"

म्या हात वर केला. तुमी असता तर काय केलं असतं?

सांजच्याला पाहुणे आले. धोतर, टोपी, भरगच्च मिशा. तात्यांनी सुपारीचं ताट मागवलं. कलाक्का बाहेर आली, ताट न्हाय, कागद घेऊन. उभं राहून वाचलं, अगदी तात्यांच्या आवाजात. कुमारी कलावती हिनं नर्सच्या ट्रेनिंगला जावं आन् ते पुरं होईस्तवर तिच्या लग्नाचा विषय सभेपुढं घेऊ नये. सूचक कलावती, अनुमोदक सिदू, अध्यक्ष धुरपदाबाई. एकमतानं मंजूर.

तात्या उठले. "कसली सभा? कोरम कुठं होता?"

"न्हवता की. तहकूब केली," कलाक्का म्हणली.

"नोटीस?"

कलाक्कानं दार ओढलं. मागं नोटीस, चारी कोपऱ्यांना भाताची शितं लावून चिकटवलेली. आठ दिवसांपासून होती. तात्या रोज तेच दार ढकलून जात होते.

"घरात असलं काय चालत न्हाय. हे बेकायदा हाय," तात्या म्हणले.

माणिकप्पा हळूच कानाशी गेले, पण म्या जवळच होतो. "तात्या, जपून. हे बेकायदा म्हणलं तर यात्रंच्या दिवशीची आपली सभा बी बेकायदा व्हती. आन् ऐकाय डायरेक्टर बसलेत."

तात्या उभेच. खाली बसावं तर खुर्चीवर काकी.

पाहुणे मिशीत हसाय लागले. "चेअरमन, ठराव पक्का हाय. आमच्या कारखान्यात बी असाच होतो. पण असली सून म्या घरात नेली तर वर्षात माझंच डायरेक्टरपद जाईल. चहा सांगा, निघतो."

तात्यांनी घाम पुसला. मग, काय सांगू तुमाला, छाती काढून म्हणले, "बघितलं का पाहुणं, आमच्या घरच्या शाळंचं शिक्षण."

सोमवारी कलाक्काला एस्टीत बसवलं. तात्यांनी स्टँडवर हार आणला होता, गुलाबाचा. कलाक्कानं काकीच्या गळ्यात घातला आन् खिडकीशी जाऊन बसली.

आता उत्र्या आन् म्या परत दहावीला बसतोय. शाळा चालू हाय. तात्या सकाळी उठले की आधी दार ओढून मागं बघतेत, मगच चूळ भरतेत. पण तात्या परवापासून जिल्हा बँकेच्या कामाला गेलेत, आन् उत्र्याला कुठं दाराआड बघायची सवय हाय. काकीनं नवी नोटीस लावलीय. विषय पयला, कलावती गावात नसल्यानं टँकरचं पाणी उत्तरेश्वर यानं भरणे. त्यो तिकडं पारावर सत्काराचं उत्तर घोकत बसलाय.

अर्धा तास होत आला. उठतो म्या, अनुमोदक मीच हाय.