रुद्रम्माची काहील

मी काहील बोलतेय. उसाचा रस आटवून गूळ करायची लोखंडी काहील. बोलतेय कसली, संतापानं फणफणतेय!

माकणीच्या रुद्रम्मानं मला लोहाराकडून घडवून घेतलं. गावात दुसरी काहील नव्हती, त्यामुळे तिचं गुऱ्हाळ आटोपलं की मी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे फिरायची. रीत एकच होती. काहील परत करताना तिच्या बुडाशी गुळाचा खडा ठेवायचा. रिकामी काहील दारात आणायची लोकांना लाज वाटे.

निजामाची राजवट अखेरच्या घटका मोजत होती, तेव्हा फौजेच्या फेरबांधणीचा नवा कानून आला. खर्चाची नवी वाटणी झाली. घोड्यांचा दाणा एका कचेरीनं द्यायचा, बावर्ची दुसरीनं पाठवायचा. भांडी मात्र कुणाच्याच वाट्याला टाकली नव्हती. शहाणेच सगळे! मग गावाबाहेरच्या ठाण्यातले सवार स्वयंपाकासाठी मला मागायला थेट रुद्रम्माच्या दारी आले.

"न्या की," ती म्हणाली. "गुऱ्हाळ लागायच्या आत आणून द्या म्हंजे झालं."

शेजारी मागायला येतो तसेच हेही आलेत, असं तिला वाटलं. जाताना मला हळदकुंकूसुद्धा लावलं. भोळी बाई!

ठाण्यात बावर्ची कधी आलाच नाही. सवार आपापल्या भाकरी थापत आणि मी लिंबाखाली नुसती पडून. तिकडे उसाला तुरे आले. नवऱ्यामागं रुद्रम्माचा सगळा संसार त्या उसावर चालायचा. ती धावत आली.

"जमादारसाहेब, ऊस वाळाय लागलाय. माझी काहील द्या."

"हमारे हात में नहीं, अम्मा. वापस देने का हुकूम जो कचेरी देती थी, वो नए कानून में बंद हो गई."

अरे, मी तुमच्या डोळ्यांदेखत रिकामी पडलेय! उचलून द्यायला दोन हात लागतात, कचेरी कशाला लागते?

रुद्रम्मानं वाळका ऊस जनावरांपुढं टाकला. इकडे मला घोड्यांना पाणी पाजायला लावलं, आणि शिळं पाणी सोडायला माझ्या बुडाला भोक पाडलं. गुळाचा खडा ठेवायचा, नेमकं तिथंच!

राजवट गेली, सवार पळाले. रुद्रम्मा गाडी घेऊन मला न्यायला आली. सवयीनं तिनं आधी बुडाशी हात घातला. बोट भोकातून आरपार गेलं.

"खडा न्हाय तर न्हाय," ती म्हणाली, "बूड तरी ठिवायचं."

आता मी तिच्या परसात पालथी पडलेय. माझ्यावर गोवऱ्या वाळतात.

राज्य कुणाचंही येवो. फौजा बांधा, मोडा, पुन्हा बांधा. पण कुणाच्या घरातलं भांडं नेलंत तर ते परत आणून द्या. आणि रिकामं आणू नका.