भोंग्यातला माणूस

मी एक जुना भोंगा आहे. तोंड परातीएवढं, डोकं अजिबात नाही. तरीही मित्रांनो, हल्लीच्या उडणाऱ्या वीरांपेक्षा मला गोष्टीतलं जास्त कळतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

कुठल्याशा कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवलं. लग्नं झाली, निवडणुका झाल्या, घसा फुटेस्तोवर ओरडून झालं. मग तिसगावच्या थिएटरचे मालक नियाजभाई यांनी मला घेतलं आणि टेम्पोच्या टपावर बांधलं. खाली माइक धरून गहिनीनाथ बसायचा. नवा सिनेमा लागला की आठवडी बाजारात त्याची दवंडी देणं, हे आम्हा दोघांचं काम.

गहिनीनाथची एक रीत होती. पहिला खेळ तो स्वतः बघायचा आणि बाजारात फक्त इंटरव्हलपर्यंतची गोष्ट सांगायचा. ऐन मोक्याला थांबून विचारायचा, "आता ती पोरगी दार उघडंल का?" आणि माइक बंद. मिरच्या तोलणारी गोजरबाई त्याला मनसोक्त शिव्या द्यायची आणि संध्याकाळी तिकिटाच्या रांगेत उभी राहायची. लोक म्हणायचे, भोंगा काय गोड बोलतो. मी आपला उगाच फुगायचो.

मग पडद्यावर ते उडणारे वीर आले. अंगाला चिकटलेल्या कपड्यांतले, पीळदार दंडांचे, आभाळात भिरभिरणारे. पहिला आला तेव्हा थिएटर भरलं, खोटं कशाला बोलू? मग त्याचा दोस्त आला. दोस्ताचा दुश्मन आला. मग सगळे मिळून आले आणि आभाळाला पडलेलं भोक बुजवून गेले. दर वेळी तेच भोक. इमारती धडाधड कोसळायच्या, पण खाली राहणाऱ्या एकाही माणसाचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. या खटाटोपात म्हणे हजारो लोक राबतात. त्यांतल्या एखाद्याला गोष्ट रचायला बसवावं, हे कुणाला सुचलं नसावं. किंवा बसवलं असेल आणि त्याचं तोंड दाबलं असेल. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, इथे तर सगळाच दगड.

लोक कंटाळले. खुर्चीत बसून मोबाईल बघू लागले. एका बाजारी गहिनीनाथने कसंबसं विचारलं, "आता ह्यो मरंल का जगंल?"

गोजरबाईने मानही वर केली नाही. "जगंल की. मागल्या बारीला मेल्ता, तरी आलाच ना."

सगळा बाजार हसला. मला तर एका दमात गंज चढल्यासारखं झालं.

मग नियाजभाईंनी सिनेमा कंपनीची तयार जाहिरात पेन ड्राइव्हमध्ये आणली. रिकाम्या विहिरीत कुणी गुळण्या कराव्यात तसा आवाज. त्यांनी गहिनीनाथला बजावलं, की हा नवा सिनेमा तुझ्या तोंडाने चालला तर ठीक, नाहीतर पुढच्या बाजारापासून पेन ड्राइव्ह बोलेल आणि तू घरी बसशील.

गहिनीनाथने तो सिनेमा पाहिला. इंटरव्हलपर्यंत सांगावं असं त्यात काही नव्हतंच. म्हणून पठ्ठ्याने गोष्ट स्वतःच रचली. एक उडणारा माणूस असतो. प्रत्येक उड्डाणाला तो आपल्या एका माणसाला विसरतो. आधी शेजारी विसरला, मग मित्र, मग भाऊ. आता ओळखीची फक्त आई उरली आहे. आणि नदीला पूर आलाय, पलीकडे गाव अडकलंय.

"उडंल का त्यो?" माइक बंद.

गोजरबाईच्या हातातला तराजू तसाच अधांतरी राहिला.

दुपारचा खेळ खचाखच भरला आणि पडद्यावर पुन्हा तेच भोक. इंटरव्हलला सगळे बाहेर पडून टेम्पोभोवती जमले. थिएटरची अब्रू घालवलीस म्हणून नियाजभाई गहिनीनाथला नाही नाही ते बोलले. पण लोकांचं भांडण वेगळंच होतं. गोजरबाई पुढे झाली.

"नाथा, ते पिक्चर गेलं खड्ड्यात. त्या आईचं काय झालं त्ये सांग."

गहिनीनाथ ओशाळला. "मावशे, मी बी इंटरव्हलपतूरच रचलीय. शेवट सांगायची सवयच न्हाई मला."

"मंग आता रच."

त्याने माइक उचलला. माझ्यातून आधी त्याचा श्वास गेला, मग शब्द.

"त्यो उडला. समदं गाव वाचवलं. काठावर एक म्हातारी हुती. तिनं पदरानं त्याचं वलं डोकं पुसलं. त्यो म्हनला, तुमी कोन? म्हातारी म्हनली, मी व्हय? तू वाचवलेल्यातलीच एक."

नियाजभाईंनीही डोळे पुसले. माणूस वाईट नाही. पण पुढच्या बाजारी त्यांनी पेन ड्राइव्हच लावला, कारण सिनेमात नसलेलं बोलणारा माणूस त्यांना जोखमीचा वाटला. गहिनीनाथ आता गोजरबाईच्या शेजारी बसून लसूण विकतो. लसणापेक्षा गोष्टींनाच गिऱ्हाईक जास्त.

मित्रांनो, मला घासूनपुसून लख्ख कराल, नवी तार जोडाल, रंग द्याल. त्याने काही साधणार नाही. माझी काळजीच वाटत असेल तर माझ्यामागे माणूस बसवा. मी नुसतं तोंड आहे हो, आणि ते उडणारे वीरही तेवढेच आहेत.

परवा बाजारात ती गुळणी सुरू होती, तेव्हा गोजरबाई टेम्पोपाशी आली आणि टाचा उंचावून माझ्यात डोकावली.

"कुनी हाय का आत?"

मला "कुणी नाही" म्हणायचं होतं. तोंडातून मात्र गुळणीच आली.