डाव्या कोपऱ्यातला पास

क्षितिज मोघेला सिंगापूरलाच यायचं होतं. बँकॉकचा क्लब जास्त पगार द्यायला तयार होता, मनिलाचा क्लब तर घर आणि गाडी दोन्ही देतो म्हणत होता. पण त्याने आपल्या क्लबला सरळ सांगून टाकलं, पाठवायचं तर सिंगापूरला पाठवा, नाहीतर उरलेला सीझन मी बाकावर बसून काढतो.

असं बोलू शकणारे खेळाडू त्या लीगमध्ये फार नव्हते. आग्नेय आशियातल्या काही शहरांची ती बास्केटबॉल लीग. क्लब आपसांत खेळाडूंची अदलाबदल करायचे, त्याला सगळे ट्रेड म्हणायचे. आपला ट्रेड झालाय हे बहुतेकांना फोनवरून कळायचं, आणि मग बॅग भरून नव्या शहरात हजर व्हायचं. क्षितिजच्या करारात मात्र एक अट होती. त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नव्हतं. ती अट त्याच्या वडिलांनी, मनोहर मोघ्यांनी, हट्टाने घालून घेतली होती. ते मरीन इंजिनियर. कंपनीने सांगितलेल्या जहाजावर चढण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. "मला कधी कोणी विचारलं नाही," ते म्हणायचे. "तुला तरी विचारू देत."

हे २०१४ सालचं. क्षितिज तेव्हा सुमात्राच्या किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या गावाकडून खेळत होता. त्या गावाच्या संघाला त्याच्याआधी कोणी ओळखत नव्हतं, आणि त्याच्यासाठी आता लोक छतावर चढून मॅच बघायचे. पण त्याची बायको अनुजा सिंगापूरला, नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे विभागात नोकरीला होती आणि तिला दिवस गेले होते. पुंगोलला त्यांनी फ्लॅट घेतला होता. आईबाबा बुकित बातोकच्या जुन्या घरात होते. आणि सिंगापूरच्या संघात वेई मिंग होता.

वेई मिंग आणि क्षितिज बुकित बातोकच्या एकाच ब्लॉकमध्ये वाढले होते, एकाच शाळेच्या संघातून खेळले होते. वेई मिंग काही स्टार नव्हता. तो डाव्या कोपऱ्यात, तीन गुणांच्या रेषेबाहेर जाऊन उभा राहायचा आणि हलकेच दोन टाळ्या वाजवायचा. क्षितिज तिकडे न बघताच चेंडू फेकायचा. चेंडू बरोबर त्याच्या हातात पडायचा आणि तिथून बास्केटमध्ये जायचा. पुढे क्षितिज मोठा झाला, बाहेर गेला. वेई मिंग सिंगापूरच्याच क्लबमध्ये राखीव खेळाडू म्हणून राहिला. फोनवर दोघांचं एकच चालायचं, एकदा परत एकत्र खेळू या.

ट्रेडची बोलणी सुरू झाली तेव्हा बंदराच्या क्लबचे हात बांधलेले होते. क्षितिज सिंगापूरशिवाय कुठे जाणार नाही हे सगळ्या लीगला माहीत झालं होतं, त्यामुळे त्याच्यासाठी दुसरं कोणी बोली लावेना. शेवटी त्यांनी एवढंच मागितलं, निदान लांबून बास्केट करणारा एक माणूस द्या. तुमचा तो वेई मिंग द्या.

सिंगापूरचा मॅनेजर शैलेंद्र माथुर. त्याने ही बातमी क्षितिजला फोनवर सांगितली.

"दुसरा कोणी नाही चालणार?" क्षितिजने विचारलं.

"त्यांना तोच हवाय. तू नको म्हणालास तर सौदा मोडतो. तुझ्या सहीशिवाय काही होणार नाही, क्षितिज. तू सांग."

सही करायच्या आधी क्षितिज दोन दिवसांसाठी सिंगापूरला आला, आणि बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या त्या मंडईत, वेई मिंगला भेटला. वेई मिंगची बायको हुई लिनही होती. मांडीवर काही महिन्यांचं बाळ होतं. वेई मिंगने दोघांसाठी चिकन राइस आणला आणि बसता बसताच विचारलं,

"तुझ्याकडे ती अट आहे ना? मग सांग ना त्यांना. दुसरा कोणी द्या म्हणावं."

"विचारलं मी. सौदा मोडेल म्हणाले."

"मोडू दे की."

क्षितिजने भातात चमचा फिरवला. अनुजाचा पाचवा महिना चालू होता. आदल्याच दिवशी सोनोग्राफीच्या वेळी तिने त्याचा हात धरून म्हटलं होतं, आता परत जाऊ नकोस. हे तो वेई मिंगला सांगू शकला असता. त्याने पुढचा घास घेतला.

वेई मिंग त्याच्याकडे बघून हसला आणि सिंगापुरी ढंगात म्हणाला, "ओके लाह. तिथलं जेवण तरी बरं आहे ना?"

"मासे चांगले मिळतात," क्षितिज घाईने म्हणाला. विषय बदलल्याचं त्याला बरं वाटलं होतं. "माझीच खोली घे, तिथून समुद्र दिसतो. आणि बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या दुसऱ्या खिडकीशी बस. ए.सी. चालत नाही, पण तिथे वारा लागतो."

हुई लिन एवढा वेळ बाळाला थोपटत होती. ती उठली आणि निरोप न घेताच बाळाला घेऊन बाहेर गेली.

त्या भेटीनंतर क्षितिजने सही केली, आणि त्याची मुलगी गार्गी जन्मली तेव्हा तो घरी होता. वेई मिंगचे फोटो येत राहिले. खोलीतून दिसणारा समुद्र, भाजलेला मासा, खिडकीतून काढलेला घाटरस्ता. त्याखाली त्याने लिहिलं होतं, वारा मस्त. पुढच्या पावसाळ्यात त्याच रस्त्यावर, दुसऱ्या गावी मॅचला जाताना, लाकूड वाहणारा ट्रक संघाच्या बसला एका बाजूने घासत गेला. ड्रायव्हर वाचला, बाकीचेही वाचले. एकटा वेई मिंग गेला.

जुन्या संघातल्या एकाने क्षितिजला फोन केला. रडत रडत तो सगळं सांगत होता आणि मध्येच म्हणाला, "तुझ्याच जागेवर बसायचा रे तो. दुसऱ्या कोणाला बसू द्यायचा नाही."

अंत्यविधीनंतर क्षितिज खेळायला उतरला, तेव्हा पहिल्याच सत्रात त्याने चेंडू डाव्या कोपऱ्यात फेकला. तिथे कोणी नव्हतं. चेंडू रेषेबाहेर गेला, जाहिरातीच्या फळीवर आपटला. प्रेक्षकांना वाटलं, चूक झाली. तासाभरात असं तीनदा झालं. कोच ओरडला तेव्हा क्षितिज म्हणाला, "मला टाळ्या ऐकू आल्या."

"हजार लोक टाळ्या वाजवतायत!"

"तशा नाही."

 त्या हलक्या होत्या, दोनच होत्या, आणि सगळ्या गोंगाटाच्या खालून यायच्या. डोकं ठरवायचं, आता तिकडे टाकायचा नाही. तेवढ्यात हात टाकून मोकळा झालेला असायचा. घरी तो गार्गीला मांडीवर घेऊन बसायचा आणि ती टाळ्या पिटायला लागली की दचकून तिचे हात धरायचा. अनुजाने एकदा त्याच्या मुठीतून पोरीची बोटं सोडवली. ती लाल झाली होती.

"डॉक्टरांकडे चल," अनुजा म्हणाली.

"काय सांगू त्यांना?"

"जे मला सांगतोस ते."

"तुला तरी कुठे सगळं सांगतो?" तो म्हणाला, आणि उठून बाल्कनीत गेला.

कोचने शेवटी वेगळाच उपाय काढला. त्याने इरफान नावाचा एक खेळाडू डाव्या कोपऱ्यात उभा केला आणि त्याला सांगितलं, तू इथून हलायचं नाही, चेंडू येईलच. चेंडू यायला लागला. इरफानचा हात चांगला होता, तो बास्केटमागून बास्केट टाकत गेला आणि संघ जिंकत गेला. वर्तमानपत्रांत आलं, की क्षितिज आपल्या मित्राला अजून पास देतो. इरफान धावत येऊन त्याला मिठी मारायचा. त्याच्या खांद्यावरून क्षितिज त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहायचा. त्याने एकही पास इरफानला दिलेला नव्हता.

मग एक दिवस सरावाच्या जागी हुई लिन आली. हॉकर सेंटरमधल्या त्या दुपारनंतर ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती, अंत्यविधीतसुद्धा नाही.

"माझ्या सासूबाई तुझी प्रत्येक मॅच बघतात," ती म्हणाली. "पेपरात वाचल्यापासून. टीव्हीसमोर त्याचं ताट वाढतात. मी समजावून थकले. तू येऊन सांग त्यांना, तिथे कोणी नसतं म्हणून."

"मी?"

"माझं त्या ऐकत नाहीत. आणि तूच तर फेकतोस."

तो गेला. त्याच ब्लॉकमध्ये, त्याच्या आईबाबांच्या दोन मजले वर. लहानपणी ज्या दारातून तो चपला भिरकावून आत पळायचा, तिथे आज त्याने बूट काढून नीट ठेवले. वेई मिंगच्या आईने, म्हाताऱ्या आंटींनी, त्याला खुर्चीत बसवलं. टीव्हीवर जुनी मॅच लागली होती. टीपॉयवर भात, वाफवलेली भाजी आणि चॉपस्टिक्स. आंटींचं इंग्रजी तुटकं होतं, पण लहानपणापासून त्याला ते समजायचं.

"बघ," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पडद्याच्या डाव्या कडेला बोट लावलं. पडद्यावर इरफान होता. आंटींचं बोट इरफानच्या थोडं मागे, रेषेला टेकून होतं. "इथे उभा आहे."

क्षितिजने बघितलं. सांगायला आलेलं वाक्य त्याच्या तोंडून फुटेना, कारण कोर्टावर असताना तो नेमका तिथेच बघायचा. इरफानच्या थोडं मागे.

"आता कुठे पाठवणार याला?" आंटींनी विचारलं.

"कुठे नाही, आंटी."

"न विचारता पाठवतात ना?"

"हो. सगळ्यांना नाही विचारत."

"तुला विचारतात?"

"मला विचारतात."

"तू चांगला खेळतोस म्हणून." त्यांनी मान डोलावली. त्यात राग नव्हता, समजून घ्यायची खटपट होती. "हा चांगला नाही खेळत?"

स्वयंपाकघराच्या दारात हुई लिन उभी होती. ती काय ऐकायला थांबली होती हे क्षितिजला कळत होतं.

"चांगला खेळतो," तो म्हणाला.

हुई लिन आत निघून गेली. तो बाहेर पडताना ती दारापर्यंत आली नाही, आणि त्यानंतर तिने त्याला कधी बोलावलं नाही.

त्याच आठवड्यात तो शैलेंद्रकडे गेला आणि म्हणाला, माझ्या करारातली ती अट काढून टाका.

शैलेंद्रला आधी वाटलं, हा काहीतरी डाव आहे. मग तो हसला. "कागदावरून काढू, हवं तर. पण तुला न विचारता तुला हलवायची कोणाची हिंमत आहे? तू रुसून बसलास तर क्लब बुडेल. आणि आता आलाच आहेस तर सांग. बँकॉकवाले इरफानला मागतायत. बदल्यात चांगला उंच माणूस देतायत. तुला चालेल ना?"

"नाही," क्षितिज म्हणाला. विचार करायलाही तो थांबला नाही. "इरफान कुठेही जाणार नाही. तो गेला तर मी खेळणार नाही."

संध्याकाळपर्यंत तो ट्रेड रद्द झाला. दुसऱ्या दिवशी सरावाआधी इरफान त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. इतक्या दिवसांत क्षितिजने त्याचा चेहरा असा जवळून बघितलाच नव्हता. ओठावर एक जुना व्रण होता.

"तू अडवलंस?"

"तुझ्या भल्यासाठीच. तुला कोणी विचारलं नव्हतं ना?"

"विचारलं होतं. मीच मागे लागलो होतो. तिथे मी पहिल्या पाचात खेळलो असतो. इथे मी एका कोपऱ्यात उभा राहतो."

"इरफान, तिकडे काही झालं असतं तर..."

"काय झालं असतं? बँकॉकला?" त्याचा आवाज चढला. "तू कुठे जायचं ते तू ठरवतोस. वेई मिंगने कुठे जायचं तेही तुझ्याच सहीने ठरलं. आता माझंही तूच ठरवणार?"

क्षितिजने घरी येऊन हे अनुजाला सांगितलं, या वेळी काहीही न लपवता. ती गार्गीला भरवत होती. वाटी खाली ठेवून ती म्हणाली, "शैलेंद्रला फोन कर. अजून वेळ गेलेली नाही. जाऊ दे त्याला."

"रस्त्यात काही झालं तर?"

"तर ते तुझ्यामुळे होणार नाही, क्षितिज."

त्याने फोन हातात घेतला. शैलेंद्रचा नंबर काढला, पण लावला नाही. अनुजा त्याच्याकडे बघत होती. शेवटी तिने त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि चार्जिंगला लावला. तिनेही नंबर लावला नाही.

बँकॉकने दुसऱ्या कोणाला तरी घेतलं. इरफान तो सीझन संपेपर्यंत खेळला. त्याचे नेम चुकायला लागले, पुढच्या वर्षी क्लबने त्याचा करार वाढवला नाही. आता तो पुंगोलच्या एका शाळेत मुलांना खेळ शिकवतो. सकाळी एल.आर.टी.च्या छोट्या ट्रेनमध्ये कधीतरी तो क्षितिजला दिसतो, गळ्यात शिट्टी, हातात पिशवीतली कॉफी. त्याला धडधाकट बघून क्षितिजच्या छातीवरचं ओझं उतरतं, आणि तो हात वर करतो. इरफान हात वर न करताच पुढच्या स्टेशनावर उतरून जातो.